जुना कॅमेरा भंगारात देण्याआधी

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरची पेटी खाली येते. पेटीत पितळेचे डबे, लग्नातला शालू, जुनी पासबुकं आणि कधी कधी चामडी पिशवीत एक कॅमेरा निघतो. सासऱ्यांनी मुंबईहून आणलेला, नाहीतर दिरांनी लष्करातून सुट्टीवर येताना आणलेला. दारात भंगारवाला उभाच असतो. तो म्हणतो, "मावशी, हे चालत नाही आता. वजनावर देऊन टाका." आणि आपण देऊन टाकतो.

गेल्या वर्षात आमच्या गटांच्या बैठकांमध्ये हा विषय तीन-चार वेळा निघाला. कुणी म्हणालं, जुन्या कॅमेऱ्याला लाख रुपये मिळतात. कुणी म्हणालं, पन्नास रुपयेसुद्धा मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत खऱ्या आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. आज आपण तो गोंधळ सोडवू. जुना कॅमेरा ओळखायचा कसा, तपासायचा कसा, विकायचा असेल तर कुणाला आणि कशा पद्धतीने, हे बघू. आणि पेटीतली कोणती वस्तू कॅमेऱ्यापेक्षाही जपायची, तेही सांगू.

हे कॅमेरे घेतं कोण?

आता फोटो मोबाईलवर निघतात, मग जुना कॅमेरा कुणाला हवा, असा प्रश्न पडतो. घेणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिले संग्राहक. जशी कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं जमवतं, तसे हे कॅमेरे जमवतात. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज बुकात झाली होती. दिल्लीजवळ गुरुग्राममध्ये २०१९ साली 'म्युझिओ कॅमेरा' नावाचं कॅमेऱ्यांचं मोठं संग्रहालय उघडलं. छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी ते उभं केलं.

दुसरे लोक म्हणजे आजही रोलवर फोटो काढणारे. यात तरुण मुलंमुली बरीच आहेत. रोल अजून बनतात आणि मिळतात, पण महाग झालेत. या लोकांना चालू स्थितीतलाच कॅमेरा लागतो.

तिसरे म्हणजे सजावटीसाठी घेणारे. हॉटेलवाले, सिनेमा-नाटकाचं सामान पुरवणारे. त्यांना कॅमेरा चालतो की नाही याचं काही नसतं. दिसायला जुना आणि धडका हवा. अर्थात ते पैसेही कमीच देतात.

म्हणजे एकाच कॅमेऱ्याला तीन माणसं तीन भाव सांगू शकतात. त्यातला कुणी खोटं बोलतोय असंही नसतं. म्हणून पहिल्याच गिऱ्हाइकाला वस्तू देऊ नये.

आणि ती लाखांची गोष्ट? ती येते कुठून, तेही ऐका. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीत लायका कंपनीचा एक कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोला गेला. आपल्या पैशात शंभर कोटींच्या वर. पण तो कॅमेरा कसला होता? लायका बाजारात येण्याआधी चाचणीसाठी जे मोजके नग बनवले होते, त्यातला तो एक. आणि ज्या ऑस्कर बारनाक यांनी लायका घडवला, त्यांचा स्वतःच्या वापरातला. अशी बातमी मोबाईलवर फिरते आणि आपल्याला वाटतं, आपल्या पेटीतही सोनं आहे. तसं नसतं. वस्तू जुनी आहे एवढ्यावर किंमत ठरत नाही. ती किती कमी उरली आहे, किती चांगल्या स्थितीत आहे आणि किती लोकांना हवी आहे, यावर ठरते.

आपल्या पेटीत काय असू शकतं?

आपल्या भागातल्या घरांमध्ये जे कॅमेरे निघतात, त्यांचे आम्ही ढोबळ तीन ढीग करतो.

पहिला ढीग साध्या कॅमेऱ्यांचा. आग्फा क्लिक थ्री हा काळा, पेटीसारखा कॅमेरा पूर्वी खूप घरांत होता. तो आपल्याकडे बडोद्याला बनायचा. ऊन, ढग आणि जवळचा माणूस एवढ्याच खुणा त्यावर असायच्या आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. त्यानंतर आले प्लॅस्टिकचे हॉट शॉट आणि मग कोडॅकचा केबी टेन. हे लाखांनी विकले गेले, म्हणून आजही भरपूर आहेत आणि त्यांना भाव कमी. हे विकण्यापेक्षा घरात आठवण म्हणून ठेवलेले बरे, असं आमचं मत आहे.

दुसरा ढीग मधल्या कॅमेऱ्यांचा. जपानचे याशिका, पेंटॅक्स, कॅनन, रशियाचे जडशीळ झेनिट. यातले बरेच स्टुडिओवाल्यांच्या हातचे. चालू असतील तर यांना गिऱ्हाईक आहे. याशिकाचे एकावर एक दोन लेन्स असलेले उभे कॅमेरे असतात, ज्यात वरून खाली बघून फोटो काढतात. तो निघाला तर नीट चौकशी करावी.

तिसरा ढीग फार क्वचित निघतो. जर्मनीचे लायका आणि रोलायफ्लेक्स, स्वीडनचा हॅसलब्लाड, निकॉनची काही मॉडेलं. असं नाव दिसलं तर तालुक्याच्या गावात विकूच नका. पण एक लक्षात ठेवा. लायकाची नक्कल पुष्कळ झाली आहे. सोव्हिएत संघात फेड आणि झोर्की नावाचे त्याच्यासारखेच कॅमेरे बनत. त्यांच्यावर पुढे कुणीतरी लायकाचं नाव कोरून विकलं. सोनेरी मुलामा, वर गरुडाचं चित्र असा लायका दिसला तर बहुतेक वेळा तो खरा नसतो. त्यामुळे घेणाराही सावध राहतो आणि नंबर विचारतो. कॅमेऱ्याच्या वर, खाली किंवा लेन्सच्या कडेला कोरलेला नंबर आधीच कागदावर उतरवून ठेवावा.

लेन्स वेगळी निघत असेल तर तिचंही नाव लिहून घ्या. काही जुन्या लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही जोडता येतात. त्यामुळे कधी कधी कॅमेरा बंद असतो, पण लेन्सला भाव येतो.

उघडण्याआधी थांबा

कॅमेरा हातात आला की पहिली गोष्ट आपण कोणती करतो? मागचं झाकण उघडतो. तेच करायचं नाही. आत रोल असू शकतो. वीस-तीस वर्षांपूर्वी अर्धा काढून ठेवलेला रोल. झाकण उघडलं आणि उजेड गेला की त्यावरचे फोटो काही क्षणांत खराब होतात.

मग कळायचं कसं? बहुतेक रोलच्या कॅमेऱ्यांना वर डाव्या हाताला एक गोल खिटी किंवा छोटा दांडा असतो. रोल परत गुंडाळायचा तो. बाणाच्या दिशेने तो अगदी हलक्या हाताने फिरवून बघा. सैल फिरला तर बहुधा रोल नाही. घट्ट लागला तर आत रोल आहे. मग कॅमेऱ्याच्या खालचं बारीक बटण दाबायचं आणि खिटी बाणाच्या दिशेने फिरवत राहायची. एका क्षणी ती एकदम हलकी होते. म्हणजे रोल डबीत परत गेला. आता झाकण उघडा.

आग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्यात मागे छोटी लाल खिडकी असते. तिच्यात आकडा दिसला तर आत रोल आहे. तिथे रोल परत गुंडाळायचा नसतो, पुढेच फिरवत शेवटापर्यंत न्यायचा. नंतर सावलीत काढून त्याच्या कागदाची पट्टी चिकटवून टाकायची.

असा रोल पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये अजूनही धुऊन मिळतो. फोटो येतीलच असं नाही. रंगीत रोलचे रंग उडालेले असतात, काळा-पांढरा त्यापेक्षा जास्त टिकतो. पण त्यात कुणाचं बारसं असेल, कुणाचे वडील असतील, ते आज सांगता येत नाही. धुण्याचा खर्च करायचा की नाही हे घरच्यांनी मिळून ठरवावं. पण रोल फेकू नये.

मोबाईलच्या टॉर्चवर तपासणी

तपासायला मोठी माहिती लागत नाही. पाच गोष्टी बघायच्या.

एक, बुरशी. लेन्सवर तिरका टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे, कापसाच्या तंतूंसारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात चामडी पिशवीत बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास लागते. किंमत सगळ्यात जास्त तिच्यामुळेच उतरते.

दोन, शटर. रोल नाही याची खात्री झाल्यावर मागचं झाकण उघडा. उजेड येणाऱ्या खिडकीकडे तोंड करून बटण दाबा. आतून उजेडाची उघडझाप दिसली पाहिजे. वेगाचे आकडे बदलून पुन्हा बघा. कमी वेगावर शटर अडकलं तर दुरुस्ती लागेल. आणि कॅमेरा सूर्याकडे कधीही धरू नका. डोळ्याला इजा होते. काही कॅमेऱ्यांचं शटर कापडाचं असतं, त्याला लेन्समधून आलेल्या उन्हाने भोक पडतं.

तीन, सेलची जागा. सेल आतच राहिला असेल तर पांढरी-हिरवी पूड दिसते. नुसत्या हाताने तिला लावू नका.

चार, भाता. घडीच्या कॅमेऱ्याला पेटीच्या भात्यासारखा कागदी-चामडी भाता असतो. अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा. बाहेर चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर त्याला भोकं आहेत.

पाच, पुरवणी. चामडी पिशवी, लेन्सचं झाकण, खोका, माहितीचं पुस्तक, दुकानाची पावती. हे सगळं एकत्र असेल तर भाव वाढतो. खोका फाटका आहे म्हणून चुलीत घालू नका.

आता काय करायचं नाही ते. पदराने लेन्स पुसायची नाही. तेल सोडायचं नाही. राख, रांगोळी, साबण तर नाहीच. घट्ट बसलेला भाग पकडीने फिरवायचा नाही. वरची धूळ मऊ कोरड्या कापडाने झटकली तेवढं पुरे. घेणारा धूळ माफ करतो, ओरखडा माफ करत नाही. आणि चामडी पिशवी वेगळी ठेवा, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात नव्या चपला-पर्ससोबत येणाऱ्या त्या बारीक खड्यांच्या पुड्या टाका. त्या ओलावा शोषतात.

विकायचं ठरलं तर

आधी कागद करा. कॅमेऱ्याचं नाव, नंबर, काय चालतं, काय चालत नाही, सोबत काय आहे. पुढून, मागून, वरून, खालून आणि लेन्सचा असे पाच फोटो दिवसाच्या उजेडात काढा. बुरशी असेल तर तिचाही फोटो काढा. दोष सांगून विकलेली वस्तू परत येत नाही.

मग किमान तीन ठिकाणी भाव विचारा. मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. घरातलं कुणी शिकायला, नोकरीला तिथे असेल तर नुसते फोटो दाखवून यायला सांगा. इंटरनेटवर बघताना एक खूण लक्षात ठेवा. मागितलेली किंमत वेगळी आणि प्रत्यक्ष मिळालेली वेगळी. कुणीही लाख मागू शकतं. वस्तू विकली कितीला गेली, तेच बघायचं.

फोनवरच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना तीन गोष्टी पक्क्या ठेवा. "तुमचा कॅमेरा लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा," असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. जुन्या नाण्या-नोटांच्या नावाने अशीच फसवणूक चालते आणि त्याबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये सावध केलं होतं. दुसरं, पैसे येण्यासाठी आपला पिन कधीच घालावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे आपले पैसे जाणार. आणि तिसरं, पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी वाटत असेल आणि घेणारा ती परदेशी पाठवायची भाषा करत असेल, तर थांबा. अशा वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो. आधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारावं.

आता काही मैत्रिणी विचारतात, मग आपणच गावोगाव फिरून जुने कॅमेरे गोळा करून विकायचे का? छंद म्हणून एखादा घेतलात तर आनंद आहे. पण गटाचं कर्ज काढून हा धंदा करू नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो. माल कधी विकला जाईल ते सांगता येत नाही. दुरुस्त करणारे कारागीर कमी राहिलेत, आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

निगेटिव्ह वजनावर देऊ नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या तालुक्यात एका ताईंच्या यजमानांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आल्यावर तो बंद पडला, पुढे यजमानही गेले. राहिली कुलूपबंद खोली. एक व्यापारी आला आणि म्हणाला, सगळं उचलतो, एकच रक्कम देतो. ताईंनी गटात विचारलं. आम्ही पाच जणी दोन दुपारी तिथे बसलो आणि यादी केली. दोन कॅमेरे, फोटो मोठा करायचं यंत्र, तिकाटणं, फ्लॅश, धुण्याचे ट्रे. आणि भिंतीला लागून निगेटिव्हचे खोके, सोबत नावांच्या वह्या. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट फोटो. व्यापाऱ्याला ते खोके आधी हवे होते.

का हवे होते? काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांनी. जुन्या एक्स-रेसारखीच ती निगेटिव्ह विरघळवून चांदी काढतात. रंगीत निगेटिव्ह धुताना त्यातली चांदी निघून गेलेली असते. म्हणजे काही ग्रॅम चांदीसाठी गावाचे चेहरे विरघळतात. आणि नाही विरघळले, तर ते अनोळखी माणसाच्या हातात जातात. त्यात आपल्या लेकीबाळींचे फोटो असतात, हे विसरून चालणार नाही.

कायदाही याबाबत काही सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे खोके आणि निगेटिव्ह स्टुडिओचे असले, तरी त्यातलं चित्र कुणालाही कसंही वापरता येत नाही.

त्या ताईंनी कॅमेरे आणि यंत्र चौकशी करून वेगवेगळे विकले. खोके ठेवून घेतले. बाजाराच्या दिवशी बायका वहीत नाव शोधायला येऊ लागल्या. एका मावशींना त्यांच्या आईचा फोटो सापडला. घरात आईचा एकही फोटो नव्हता.

निगेटिव्ह बघायला यंत्र लागत नाही. एका मोबाईलवर पूर्ण पांढरा पडदा लावा, निगेटिव्ह त्याच्या थोडी वर धरा, दुसऱ्या मोबाईलने फोटो काढा. मग फोटो सुधारायच्या ॲपमध्ये रंग उलटे करायची सोय असते, ती दाबा. चेहरा समोर येतो. निगेटिव्ह कडेने धरायची, बोटं चित्रावर लावायची नाहीत. साध्या कागदी पाकिटांत कोरड्या जागी ठेवायची. व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या वेगळ्या काढायच्या, त्या खराब होत चाललेल्या असतात.

स्टुडिओच्या सामानाबद्दल अजून एक. धुण्याचे ट्रे, मापं, बाटल्या कितीही चांगल्या दिसल्या तरी स्वयंपाकघरात आणू नका. त्यात वर्षानुवर्षं रसायनं होती. उरलेली रसायनं मोरीत, विहिरीजवळ ओतू नका. पोरांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा आणि फोटो लॅबवाल्याला विचारून द्या.

निगेटिव्ह जपल्यामुळे काय उरतं याचं मोठं उदाहरण होमाई व्यारावाला यांचं आहे. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या होमाईबाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्यांनी दिल्लीत स्वातंत्र्याचा काळ टिपला. १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडलं. पण त्यांचा संग्रह राहिला आणि तो दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आज आपण ते फोटो बघू शकतो, कारण ते रद्दीत गेले नाहीत.

शेवटी घरातलं. पेटीतला कॅमेरा सासूबाईंचा असेल तर विकायचा की नाही हे त्यांना विचारा. यजमानांच्या मागे राहिलेल्या सामानावर घरच्या बाईचाही हक्क असतो. तिला बाजूला ठेवून दिराने, पुतण्याने परस्पर सौदा केला, असं होऊ देऊ नका. गटातल्या दोघी जणी सौद्याच्या वेळी शेजारी बसल्या तरी बोलणं बदलतं, हे आम्ही पाहिलं आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी जुना कॅमेरा आहे त्यांनी तो घेऊन या. झाकण न उघडता आणा. सोबत एक वही, एक मोबाईल आणि मऊ कापड असू द्या. मिळून बघू, मिळून लिहू. आणि तोवर भंगारवाला दारात आलाच, तर त्याला सांगा, "दादा, पुढच्या महिन्यात या."